बजावणीची मुदत आणि 'सबळ कारण' : इंग्लिश दिवाणी प्रक्रियेतील एका नियमाचा इतिहास

दिवाणी दावा नेमका केव्हा सुरू होतो, या प्रश्नाचे उत्तर वादी व प्रतिवादी यांच्या दृष्टीने एकच असत नाही. वादीने दावा न्यायालयात दाखल करून त्यावर न्यायालयाची मोहोर उठली की मुदतीच्या कायद्याची गणना त्याच्यापुरती थांबते. प्रतिवादीच्या लेखी मात्र दाव्याचा आरंभ होतो तो दाव्याचा कागद त्याच्या हाती पडतो तेव्हा. या दोन क्षणांमध्ये जो काळ जातो त्या काळात दावा अस्तित्वात असतो आणि तरीही ज्याच्यावर तो केलेला आहे त्यास त्याची वार्ता नसते. हा मधला काळ किती असावा, तो संपत आला असता वाढवून द्यावा काय, आणि संपून गेल्यावर पुन्हा उघडून द्यावा काय, या तीन प्रश्नांभोवती इंग्लंडच्या न्यायालयांनी जवळजवळ दोन शतके जो ऊहापोह केला, त्याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय. विषय वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटेल. परंतु या नियमाच्या एका वाक्यापायी उभे दावे नऊ दिवसांच्या, क्वचित् एका दिवसाच्या विलंबाने कायमचे बुडालेले आहेत.

प्रारंभी शब्दांची निश्चिती करणे अवश्य आहे. मराठीत 'मुदत' हा अरबी मूळाचा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो : दावा लावण्यासाठी कायद्याने दिलेली मुदत आणि कागद बजावण्यासाठी नियमाने दिलेली मुदत. ज्या इतिहासाचा सारा मर्मभाग या दोन मुदतींच्या परस्परसंबंधात आहे, त्याच्या विवेचनात दोहोंस एकच नाव देणे सोयीचे नाही. म्हणून येथे पहिलीस 'कायदेशीर मुदत' म्हटले आहे, आणि दुसरीस, म्हणजे कागद बजावणीयोग्य राहण्याच्या काळास, त्या कागदाची 'हयात' म्हटले आहे. 'बजावणे' हा शब्द मात्र आहे तसाच उपयोगी पडतो. तो फारसी 'बजा' या शब्दावरून आलेला असून हुकूम अंमलात आणणे आणि एखाद्यास निक्षून सांगणे हे दोन्ही अर्थ मराठीत त्याने धारण केले आहेत. बजावणीत हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. कागद पोहोचविण्याची क्रिया पार पडली पाहिजे आणि त्या क्रियेने प्रतिवादीस गोष्ट कळलीही पाहिजे. क्रिया पार पडली पण कळले नाही, अथवा कळले पण क्रिया नियमाप्रमाणे पार पडली नाही, तर काय करावयाचे, हा पेच पुढे येणारच आहे.

भारतीय वाचकास आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागेल. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे समन्स काढणे व ते बेलिफामार्फत बजावणे हे मुख्यतः न्यायालयाचे काम आहे. वादीने स्वतः 'दस्ती' समन्स नेणे हा त्यास जोड म्हणून असलेला मार्ग होय. त्यामुळे आपल्याकडे वादीच्या माथी दोष येतो तो बहुधा समन्स न बजावता परत आल्यानंतरच्या स्वस्थपणाबद्दल. नव्या समन्ससाठी अर्ज करण्याची ही मुदत १९७६ च्या दुरुस्तीने एक महिन्यावर आणि १९९९ च्या दुरुस्तीने, जी २००२ साली अंमलात आली, सात दिवसांवर आणण्यात आली. इंग्लंडच्या उच्च न्यायालयात परंपरेने रिट काढून घेणारा वादीच ते बजावीत असे. न्यायालयाची मोहोर उठलेला कागद वादीच्या सॉलिसिटरच्या कपाटात महिनोन् महिने पडून राहू शकत होता. इंग्लिश नियमाचे सारे वळण या एका वस्तुस्थितीवरून ठरलेले आहे.

जुन्या पद्धतीत रिटास हयात अशी नसे. ते ठराविक दिवशी शेऱ्यासह न्यायालयास परत करावयाचे असे. प्रतिवादी सापडला नाही तर दुसरे रिट निघे, तेही फुकट गेले तर तिसरे. दुसऱ्यास 'एलियास' आणि तिसऱ्यास 'प्लुरिएस' म्हणत. ही नावे त्या रिटांच्या लॅटिन मजकुरातील शब्दांवरूनच पडली होती. पहिल्याचा अर्थ 'जसे पूर्वी एकदा' आणि दुसऱ्याचा 'जसे अनेकवार'. म्हणजे न्यायालय प्रत्येक नव्या हुकमात आपण हा हुकूम आधीही दिला होता, असे नमूद करीत असे. पुनरुक्तीस येथे कायद्याचे सामर्थ्य होते : रिटांची साखळी अखंड राहिली की शेवटच्या रिटाचा संबंध पहिल्याच्या तारखेशी जोडला जाई, आणि १६२३ च्या मुदतीच्या कायद्याने घातलेली सहा वर्षांची मर्यादा मध्ये उलटून गेली तरी वादीस तिची बाधा येत नसे. पुढेपुढे ही साखळी प्रत्यक्ष शोधापेक्षा दप्तरातील नोंदींनीच जोडली जाऊ लागली. १८३२ च्या कायद्याने यास शिस्त लावली. रिटाची हयात चार महिन्यांची ठरली. आणि कायदेशीर मुदत थोपवून धरावयाची तर प्रतिवादी सापडत नसल्याचा शेरा हयात संपल्यापासून एका महिन्याच्या आत दप्तरी नोंदला पाहिजे, असे बंधन आले.

१८५२ च्या कॉमन लॉ प्रोसीजर ॲक्टने ही साखळीच मोडून टाकली व तिच्या जागी 'नूतनीकरण' आणले. रिट सहा महिने जिवंत राहील. ते संपण्यापूर्वी वादीने कचेरीत नेऊन त्यावर तारखेची मोहोर उठवून घेतली की आणखी सहा महिने मिळतील. आणि असे कितीही वेळा करता येईल. न्यायाधीशाची परवानगी लागत नसे, कारण विचारले जात नसे. मोहोर हीच मुदतवाढ होती. जुन्या रिटांच्या साखळीत निदान प्रतिवादीचा शोध घेतल्याचा बहाणा तरी होता. नूतनीकरणात तोही उरला नाही, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या सैलपणास आवर घातला तो १८७५ च्या ज्युडिकेचर ॲक्टबरोबरच्या नियमांनी. प्रस्तुत इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच. हयात बारा महिन्यांची झाली, परंतु नूतनीकरणासाठी न्यायाधीशाची अनुमती अवश्य ठरली. प्रतिवादीवर रिट बजावण्याचे वाजवी प्रयत्न झाले आहेत, अथवा 'अन्य सबळ कारण' आहे, अशी न्यायाधीशाची खात्री पटल्यासच ही अनुमती मिळावयाची. 'अन्य' हे विशेषण येथे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यामुळे वाजवी प्रयत्न हेही सबळ कारणाचेच एक उदाहरण ठरते, आणि त्या उदाहरणाच्या जातीचीच कारणे नियमकर्त्यांच्या मनात असावीत असे अनुमान निघते. मुदतीचा कायदा, कायदेशीर मुदत उलटून जाणे, प्रतिवादीस प्राप्त झालेले संरक्षण यांविषयी या नियमात एक अक्षरही नाही. असे असूनही पुढील सव्वाशे वर्षे या नियमाचा अर्थ ठरविला तो मुख्यतः या अनुल्लेखित गोष्टीनेच.

याची सुरुवात दोनच वर्षांत झाली. १८७७ च्या 'डॉइल विरुद्ध कॉफमन' या खटल्यात वादीने बारा महिन्यांत नूतनीकरण केले नव्हते आणि दरम्यान त्याचा दावा मुदतबाह्य झाला होता. नियमांनी घातलेली कोणतीही मुदत, ती संपून गेल्यावरसुद्धा, वाढवून देण्याचा सर्वसाधारण अधिकार दुसऱ्या एका नियमाने न्यायालयास दिलेलाच होता. वादीने त्याचा आधार घेतला. शब्दांकडे पाहता त्याची बाजू दुबळी नव्हती. न्यायालयाने मात्र असा अधिकार वापरून, मुदतीच्या कायद्याने ज्याचा मार्ग बंद केला आहे अशा दाव्यास पुन्हा जीव देण्याचे नाकारले. अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. प्रक्रियेचा नियम कायद्याने दिलेला हक्क हिरावून घेऊ शकत नाही, हे त्यामागील तत्त्व. ते तर्कशुद्ध आहे काय, याबद्दल शंका घेता येईल. रिट मुदतीत निघालेले असताना कायदेशीर मुदत प्रतिवादीच्या बाजूने 'संपली' असे म्हणावयाचे ते रिटाची हयात संपली म्हणून. आणि ती हयात वाढवावी की नाही हाच तर प्रश्न. म्हणजे उत्तर गृहीत धरून प्रश्न सोडविल्यासारखे होते. परंतु न्यायाच्या व्यवहारात या युक्तिवादामागील भावना बळकट होती : आपल्यावर दावा येण्याची वेळ टळली असे समजून निश्चिंत झालेल्या माणसास, कपाटातून काढलेल्या जुन्या कागदाच्या आधारे पुन्हा न्यायालयात ओढू नये.

अँग्लो-अमेरिकन ऑइल कंपनीविरुद्धच्या, १९४५ च्या निवाडासंग्रहात प्रसिद्ध झालेल्या खटल्यात लॉर्ड गॉडर्ड यांनी ही परंपरा घट्ट केली. रिट सत्वर बजावणे हे वादीचे कर्तव्य आहे. प्रतिवादीच्या पदरी पडलेला मुदतीचा बचाव नूतनीकरणाने काढून घेतला जाऊ नये. दुसऱ्या एखाद्या खटल्याचा निकाल लागण्याची वाट पाहणे अथवा पुढे काय होते ते पाहत थांबणे हे सामान्यतः सबळ कारण नव्हे. यांतील शेवटचे विधान स्मरणात ठेवावे.

यानंतर नियमाच्या भाषेत मोठा बदल झाला. सुप्रीम कोर्टाचे नियम १९६२ साली पुन्हा रचण्यात आले व १९६४ च्या आरंभापासून अंमलात आले. 'नूतनीकरण' हा शब्द गेला व 'वैधता वाढविणे' हा शब्दप्रयोग आला. हा बदल अर्थपूर्ण आहे. नूतनीकरणात जुने संपते व नवे मिळते. वाढविण्यात तेच पुढे चालू राहते. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की, वाजवी प्रयत्न व 'अन्य सबळ कारण' ही दोन्ही अटी नव्या नियमातून नाहीशा झाल्या. रिट बजावले गेले नसेल तर न्यायालय एका वेळी बारा महिन्यांपर्यंत त्याची वैधता 'वाढवू शकेल', एवढेच उरले. कोणत्या आधारावर, ते सांगितलेले नाही. केवळ शब्दांवरून अर्थ करणारा वाचक येथे न्यायाधीशाचा अधिकार मोकळा झाला असाच निष्कर्ष काढील. परंतु १९६५ साली 'हेवन विरुद्ध रोड अँड रेल वॅगन्स' या खटल्यात न्या. मेगॉ यांनी आधीच्या सर्व निवाड्यांचा आढावा घेऊन जुनीच तत्त्वे नव्या नियमासही लागू केली. नियमातून वगळलेले 'सबळ कारण' निवाड्यांतून पुन्हा जागेवर आले. नियमकर्त्याने सोडलेली जागा न्यायाधीशांनी स्मृतीने भरून काढली, ती ही पहिली वेळ.

१९८७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे 'क्लाइनवोर्ट बेन्सन विरुद्ध बारब्राक' हा खटला आला. 'मिर्टो' नावाच्या जहाजाच्या तारणाबाबत एका बँकेने जहाजावरील मालाच्या पुष्कळ मालकांविरुद्ध रिट काढून ठेवले होते, पण संबंधित दुसऱ्या खटल्याचा निकाल लागेपर्यंत ते बजावले नव्हते. शेकडो माणसांना विनाकारण खर्चात पाडू नये हा त्यातील हेतू. म्हणजे लॉर्ड गॉडर्ड यांनी सामान्यतः पुरेसे न मानलेले कारण ते हेच. लॉर्ड ब्रँडन यांनी ते सबळ मानले. 'असाधारण परिस्थिती' हवी असा जो अर्थ मधल्या काळात रूढ होऊ पाहत होता तो त्यांनी नाकारला. सबळ कारण पुरे, व ते सर्व परिस्थितीवर अवलंबून राहील, असे सांगितले. अर्जांचे तीन प्रकारही त्यांनी पाडले : रिटाची हयात व कायदेशीर मुदत दोन्ही शिल्लक असताना केलेला, हयात शिल्लक असून मुदत संपल्यावर केलेला, आणि दोन्ही संपल्यावर केलेला. शेवटच्या प्रकारात, अर्ज वेळेवर का केला नाही याचाही समाधानकारक खुलासा वादीने केला पाहिजे. या वर्गीकरणाची कसोटी पाहावी. तीनही प्रकार ठरतात ते कायदेशीर मुदतीच्या संदर्भाने, जिचा नियमाच्या संहितेत उल्लेखच नव्हता.

१९९० मध्ये रिटाची सर्वसाधारण हयात बारा महिन्यांवरून चार महिन्यांवर आणण्यात आली, व सर्व वाजवी प्रयत्न करूनही चार महिन्यांत बजावणी होणे शक्य नसेल तर अधिक मुदतवाढीची सोय ठेवण्यात आली. १८७५ चे 'वाजवी प्रयत्न' अशा रीतीने संहितेत परत आले.

लॉर्ड वुल्फ यांच्या १९९५ व १९९६ च्या अहवालांवरून तयार झालेले दिवाणी प्रक्रिया नियम २६ एप्रिल १९९९ पासून लागू झाले. भाषा सुगम करणे हे त्यांचे एक घोषित उद्दिष्ट होते. 'रिट' जाऊन 'दावापत्र' आले, वादीस असलेला जुना फ्रेंच वळणाचा शब्द टाकून 'दावा करणारा' या अर्थाचा शब्द योजण्यात आला, व लॅटिन 'एक्स पार्टे' च्या जागी 'सूचना न देता' हा साधा शब्दप्रयोग आला. मराठीत 'वादी' आणि 'एकतर्फी' हे शब्द पहिल्यापासून सर्वांच्या तोंडी असल्यामुळे या सुधारणेचे अप्रूप आपणास तितकेसे वाटणार नाही. दावापत्राची हयात चार महिने, परदेशी बजावणीसाठी सहा महिने. मुदतवाढीचा नियम ७.६ याचे दोन भाग आहेत आणि त्यांची भाषा परस्परांहून अगदी भिन्न आहे. हयात चालू असताना अर्ज केला तर न्यायालय काय पाहील, याविषयी नियम मुका आहे. हयात संपल्यावर अर्ज केला तर मात्र न्यायालय मुदत वाढवील 'तरच', जर बजावणी करणे न्यायालयाकडेच असून ते त्यास साधले नसेल, अथवा वादीने सर्व वाजवी उपाय करूनही त्यास बजावणी जमली नसेल. आणि दोन्ही बाबतींत त्याने अर्ज तातडीने केला असला पाहिजे.

या 'तरच' ची कसोटी लागलीच लागली. मार्क्स अँड स्पेन्सर या कंपनीविरुद्ध तिच्या एका कर्मचाऱ्याने कामावरील अपघाताबद्दल केलेल्या दाव्यात वाटाघाटी चालू होत्या. कायदेशीर मुदत संपण्यास जेमतेम आठवडा असताना दावापत्र निघाले, आणि ते बजावले गेले हयात संपल्यानंतर नवव्या दिवशी. दाव्याची कल्पना प्रतिवादीस नव्हती असे कोणी म्हणू शकत नव्हते. प्रक्रियेतील चूक सुधारण्याचा सर्वसाधारण अधिकार वापरावा अशी विनंती झाली. अपील न्यायालयाने २००० साली ती अमान्य केली. न्या. मे यांच्या मते नियमाचा अर्थ निःसंदिग्ध होता : विशिष्ट नियम 'तरच' म्हणतो, तेव्हा सामान्य अधिकाराने त्यास वळसा घालता येत नाही. १८७७ साली हेच फळ न्यायाधीशांनी शब्दांना बाजूस सारून दिले होते. २००० साली ते शब्दांना चिकटून दिले. वादीस अंतर कळले नसेल. त्यास उरला तो आपल्या सॉलिसिटरवर निष्काळजीपणाचा दावा करण्याचा मार्ग, म्हणजे आणखी एक दावापत्र.

स्विंडन बरो कौन्सिलविरुद्धच्या २००१ च्या खटल्यात याहूनही विलक्षण प्रकार घडला. दावापत्र हयातीच्या अखेरच्या दिवसाच्या आदल्या दिवशी टपालात टाकले गेले व अखेरच्या दिवशी प्रतिवादीच्या हाती प्रत्यक्ष पडले. परंतु पहिल्या वर्गाच्या टपालाने पाठविलेला कागद पाठविल्यापासून दुसऱ्या दिवशी बजावला गेला असे 'मानण्यात येईल', असा नियम होता. मानलेला दिवस हयातीबाहेर पडला. 'मानण्यात येईल' या क्रियापदाने येथे वस्तुस्थितीवर मात केली. कळले होते, पण नियमाच्या लेखी क्रिया पार पडली नव्हती. हा दोष २००८ च्या दुरुस्तीने दूर झाला. चार महिन्यांच्या अखेरच्या दिवशी मध्यरात्रीपूर्वी कागद टपालात टाकण्यासारखे ठरलेले पाऊल उचलले की पुरे, असा नियम करण्यात आला.

नियमाच्या मुक्या भागाचे काय झाले? १९६५ ची पुनरावृत्ती झाली. २००४ साली अपील न्यायालयाने, न्या. डायसन यांच्या निकालपत्रात, असे ठरविले की सबळ कारण ही मुदतवाढीची पूर्वअट नाही. तथापि बजावणी वेळेत का झाली नाही, हा प्रश्न नेहमीच महत्त्वाचा राहील, आणि केवळ दुर्लक्ष हेच कारण असेल तर मुदतवाढ मिळण्याची आशा वादीने सहसा धरू नये. पूर्वअट नाही असे म्हणून कसोटी मात्र तीच ठेवण्याची ही रीत न्यायमंदिरात अपरिचित नाही. २०११ च्या एका निर्णयात यापुढे जाऊन, संपूर्ण खटला चालविण्यास लागणारा पैसा उभा राहिला नाही हे बजावणी लांबविण्याचे कारण होऊ शकत नाही, असे सांगण्यात आले. आणि मुदतवाढीने प्रतिवादीचा मुदतीचा बचाव जात असेल तर कारण अधिकच भक्कम हवे, हा जुना विचार पुन्हा मांडला गेला.

'तरच' ने दार बंद केल्यावर वादींचे लक्ष साहजिकच शेजारच्या दाराकडे वळले. नियम ६.१५ अन्वये, नियमबाह्य रीतीने झालेली पोच हीच बजावणी समजावी असा हुकूम न्यायालय सबळ कारण असल्यास मागाहून देऊ शकते. १८७५ चा तोच शब्द येथे नव्या जागी आलेला दिसतो. लेबनॉनमध्ये झालेल्या पोचीबाबतच्या २०१३ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने प्रतिवादीस कागदातील मजकूर कळणे यास मोठे महत्त्व देऊन असा हुकूम कायम केला. परंतु २०१८ साली 'राइट हॅसल' या सॉलिसिटरांच्या संस्थेविरुद्धच्या खटल्यात पारडे फिरले. येथे वादी वकिलाविना स्वतःच खटला चालवीत होता. दावापत्राची हयात संपण्यास एक दिवस उरला असता त्याने ते प्रतिवादीच्या वकिलांना ई-मेलने पाठविले. ते पोहोचले व वाचलेही गेले. पण ई-मेलने बजावणी घेण्यास आधी लेखी संमती लागते आणि ती त्याने घेतलेली नव्हती. हयात संपून दावा मुदतबाह्य झाल्यावरच त्यास तसे कळविण्यात आले. लॉर्ड सम्प्शन यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाप्रमाणे, नियम वकील नसलेल्या माणसासही तेच असतात, ते समजण्यास दुर्बोध नव्हते, अखेरच्या क्षणापर्यंत थांबण्याचा धोका त्याने स्वतः पत्करला होता, आणि हुकूम दिल्यास प्रतिवादीस प्राप्त झालेला मुदतीचा बचाव नष्ट झाला असता. लॉर्ड ब्रिग्ज यांनी व त्यांच्याशी सहमत झालेल्या लेडी हेल यांनी उलट मत दिले : बजावणीचा जो हेतू, म्हणजे दावापत्र प्रतिवादीच्या हाती मुदतीत पडावे व त्यास दावा कळावा, तो या ई-मेलने पूर्णपणे साधलेला होता. 'बजावणे' या क्रियापदाचे दोन अर्थ पाच न्यायाधीशांत असे तीन विरुद्ध दोन विभागले गेले, आणि वादीचा दावा संपला.